लढणाऱ्याचा वाटा

७ जानेवारी २०२० रोजी पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती संपली आणि नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने, ज्याला त्याने नुकतंच ३-२ असं हरवलं होतं त्या लातूरच्या शैलेश शेळकेला, खांद्यावर उचलून घेतलं. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. एकाच हौद्यात घाम गाळलेले, एकाच वस्तादाचे पठ्ठे. सदगीर मूळचा अकोले तालुक्यातला, पण तो घडला भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत आणि लढला नाशिककडून. त्यामुळे किताब पहिल्यांदाच नाशिकला आला. तो फोटो राज्यभर छापून आला आणि खिलाडूवृत्तीचं भरभरून कौतुक झालं. ते रास्तच होतं.

पण त्या फोटोत पैलवानकीच्या धंद्यातलं एक मोठं कोडंही आहे. कारखान्यातल्या कामगाराचा सहकारी त्याच्या शेजारच्या मशीनवर असतो, पैलवानाचा सहकारी त्याच्या समोर उभा असतो. ज्याच्याबरोबर एकजूट करायची, त्यालाच चितपट करायचं असतं. जगभरात मुष्टियोद्धे, मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे लढवय्ये, आपले मल्ल यांची संघटना उभी राहिलेली फारशी दिसत नाही, त्याचं एक कारण इथे आहे. दुसरं कारण पैशाच्या वाटपात आहे, आणि ते नीट समजून घ्यायचं तर आधी जत्रेतल्या दंगलीत जावं लागतं.

नाशिक जिल्ह्यात मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला ओझरला खंडेरावाची यात्रा भरते, पौषात नैताळ्याला मतोबा महाराजांची. पुढे चैत्र-वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा चालूच राहतात, आणि जत्रेला लागून बऱ्याच ठिकाणी कुस्त्यांची दंगल असते. दुपारची उन्हं कलली की हलगी वाजायला लागते. सुरुवात पोरासोरांच्या कुस्त्यांनी, पूर्वी त्या रेवड्यांवर लागत. मग पन्नास, शंभर, पाचशे असा आकडा चढत जातो. पंच दोन पोरांचे हात धरून त्यांना आखाड्यात फिरवतात, अंगकाठी बघून जोड लावतात, आणि माइकवरून इनामाची घोषणा होते. घोषणेत आधी देणगीदाराचं नाव, मग रक्कम, मग पैलवानांची नावं. शेवटच्या दोन-तीन कुस्त्या आधी नेमलेल्या असतात, त्यांचे फोटो फ्लेक्सवर असतात आणि एक नंबरच्या कुस्तीचा आकडा लाखात जातो.

पैसा येतो वर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या वजनदार माणसांकडून, बिल्डरांकडून, निवडणुकीच्या वर्षी इच्छुकांकडून. तो वाटला जातो त्या दिवशीच्या कमिटीच्या मर्जीने. कुस्ती निकाली झाली तर इनाम जिंकणाऱ्याचं. बरोबरीत सोडवली तर बहुधा निम्मं-निम्मं, नाहीतर पंच म्हणतील तसं. हरलेल्याला काय द्यायचं याचा नियम नाही. नेमलेल्या कुस्तीची बिदागी वस्तादाला फोन करून ठरते. कागद होत नाही. अंधार पडला, गर्दी आत घुसली, देणगीदार निघून गेला, म्हणून ठरलेल्यापेक्षा कमी हातात पडलं, तर पैलवान दाद कुणाकडे मागणार? पुढच्या वर्षी त्याच कमिटीने बोलवावं अशी त्याचीच इच्छा असते.

पैलवान जवळून बघितला तर त्याचा खर्च अंगावरच वाचता येतो. कान फुगून गठ्ठे झालेले असतात. मातीवर रगडल्याने आत रक्त साकळतं, वेळेवर काढलं नाही तर ते घट्ट होतं आणि कान कायमचा तसाच राहतो. ही खूण अभिमानाने मिरवली जाते. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर मात्र मिरवण्यासारखं काही उरत नाही. शस्त्रक्रिया, सहा-आठ महिने तालीम बंद, आणि त्या सगळ्या काळात उत्पन्न शून्य. दूध, तूप, बदाम, थंडाई, अंडी, मटण हा खुराक तर पावसाळ्यातही चालूच ठेवावा लागतो, आणि तेव्हा जत्रा नसतात. कितीतरी घरांत बाप शेती विकून किंवा दोन एकर गहाण टाकून मुलाची पैलवानकी चालवतो. हे त्या घराचं सरळसरळ भांडवल आहे, त्यावर परताव्याची हमी कुणीच देत नाही.

कोरोनाच्या काळात ते उघडं पडलं. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जत्रा बंद, म्हणून दंगली बंद, म्हणून कमाई बंद. तालमी ओस पडल्या. अनेक तरुण मल्ल शेतमजुरीला, गवंड्याच्या हाताखाली गेले, काहींनी पैलवानकी कायमची सोडली. ज्या धंद्यात हजारो तरुण राबतात, त्यात आपत्तीसाठी बाजूला काढलेला एक रुपयाही नव्हता.

वरच्या पायरीवर तरी चित्र वेगळं असेल, असं वाटतं. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने महाराष्ट्र केसरी जिंकली. कोल्हापूरला दोन दशकांनी किताब मिळाला होता, जल्लोष झाला. त्यानंतर पृथ्वीराजने जाहीरपणे सांगितलं की चांदीची गदा मिळाली, रोख बक्षीस काही मिळालं नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, पुण्यात शिवराज राक्षेला गदेबरोबर महिंद्रा थार गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले. किताब तोच, कस तोच. फरक पडला तो त्या वर्षीच्या संयोजकाच्या ऐपतीचा आणि हौसेचा. १९६१ पासून चालत आलेल्या स्पर्धेत विजेत्याचं किमान बक्षीस किती आणि ते कधी द्यायचं, एवढं तरी पक्कं असायला नको का? महिलांची महाराष्ट्र केसरी तर मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिल्यांदा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. तिच्या मागून येणाऱ्या मुलींना तर सगळंच पहिल्यापासून मागून घ्यायचं आहे.

भर म्हणून ही स्पर्धा भरवणाऱ्या कुस्तीगीर परिषदेत दोन गट पडले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या, एक धाराशिवला, एक पुण्याजवळ फुलगावला. किताबाची किंमत अर्धी झाली ती मल्लांची, आणि त्या भांडणात मल्लांना कुणी विचारलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली, महेंद्र गायकवाड अंतिम लढतीतून निघून गेला आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात उचलणं चूकच, त्यात दुमत नको. पण पैलवानाच्या उमेदीच्या दहा वर्षांतली तीन वर्षं काढून घेताना त्याची बाजू मांडायला त्याच्या व्यवसायातलं कुणी माणूस समोर असायला हवं की नाही? वकिलाला बार असोसिएशन असते, डॉक्टरला आयएमए. मल्लाला वस्ताद असतो, आणि वस्तादाचा हात परिषदेच्या दाराशी थांबतो.

सरकार काहीच करत नाही असं नाही. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे पोलिस उपअधीक्षक झाले. ज्येष्ठ मल्लांचं मानधन अडीच हजारांवरून साडेसात हजार करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. ऑलिंपिकचं पदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेच्या मानाने हे पुढचं पाऊल आहे. मात्र नोकरी मिळते ती शिखरावरच्या दोन-चार जणांना, आणि मानधन म्हणजे कुस्ती सुटल्यानंतरचा आधार. जो आज, या हंगामात, मातीत उतरतो आहे त्याच्या मोबदल्याचा प्रश्न दोन्हींनी सुटत नाही.

हाच प्रश्न अमेरिकेत कोट्यवधी डॉलर्सच्या धंद्यात कसा दिसतो ते बघण्यासारखं आहे. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे कुस्ती, बॉक्सिंग, जिउ-जित्सू, किकबॉक्सिंग यांचं मिश्रण, जाळीच्या पिंजऱ्यात लढायचं. त्यातली सगळ्यात मोठी कंपनी यूएफसी. १९९३ ला सुरू झाली, २००१ मध्ये फक्त वीस लाख डॉलर्सना विकली गेली आणि २०१६ मध्ये सुमारे चार अब्ज डॉलर्सना. आपल्याकडूनही तिथे वाट गेली आहे. कुस्तीतून आलेला मुंबईचा भारत खंडारे हा यूएफसीशी करार झालेला पहिला भारतीय, तो नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला लढला.

धंद्याची किंमत दोन हजार पट वाढली तेव्हा लढणाऱ्याच्या हाती काय आलं? नवख्याचा करार साधारण 'दहा अधिक दहा' असा असायचा. पिंजऱ्यात उतरल्याचे दहा हजार डॉलर्स, जिंकलात तर आणखी दहा. वर्षात दोन-तीन लढती. त्यातून प्रशिक्षक, व्यवस्थापक, सरावाचा खर्च, कर. आपल्या निकाली कुस्तीचीच ही रीत, आकडा तेवढा मोठा. २०१५ मध्ये कंपनीने रीबॉकशी गणवेशाचा करार केला आणि लढवय्यांना स्वतःचे प्रायोजक कपड्यांवर मिरवायला बंदी आली. बदल्यात सुरुवातीला नवख्याला दर लढतीमागे अडीच हजार डॉलर्स, विजेतेपदासाठी लढणाऱ्या विजेत्याला चाळीस हजार. अनेकांना याहून जास्त आपापल्या प्रायोजकांकडून मिळत होतं.

न्यायालयात जे हिशेब पुढे आले त्यांनुसार कंपनीच्या उत्पन्नातला लढवय्यांचा वाटा वीस टक्क्यांच्या आत होता. त्याच देशात बास्केटबॉलपटूंना एनबीएच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा मिळतो. फरक कशामुळे? एनबीएच्या खेळाडूंची संघटना बॉब कूझीने १९५४ मध्ये उभी केली. तिच्या पेन्शनच्या मागणीला मालकांनी बरीच वर्षं दाद दिली नाही. १४ जानेवारी १९६४ ला बॉस्टनमध्ये पूर्व विरुद्ध पश्चिम असा ऑल-स्टार सामना होता, टीव्हीवर थेट दाखवला जाणार होता. वेळ झाली तरी दोन्ही संघ ड्रेसिंग रूममधून बाहेर येईनात. पेन्शनचं आश्वासन मिळाल्यावरच ते मैदानात उतरले. एकमेकांविरुद्ध खेळायला आलेली माणसं एकत्र थांबली, आणि तेवढ्याने चित्र बदललं.

यूएफसीत असं झालं नाही. २०१६ मध्ये जॉर्जेस सेंट-पिएरसारख्या नामवंतांनी संघटना जाहीर केली, ती लवकरच विरली. २०१८ मध्ये लेस्ली स्मिथ या लढवय्यीने 'प्रोजेक्ट स्पिअरहेड' सुरू केलं. अमेरिकी कायद्यात किमान तीस टक्के कामगारांच्या सह्या असतील तर सरकारी मंडळाकडे मतदानाची मागणी करता येते, त्या सह्या ती गोळा करत होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये अटलांटिक सिटीतल्या तिच्या लढतीआधी प्रतिस्पर्धी वजनात बसली नाही. स्मिथने लढायला नवा करार मागितला. कंपनीने उतरण्याचे आणि जिंकण्याचे दोन्ही पैसे न लढताच तिच्या हातावर ठेवले आणि कराराची शेवटची लढत संपली असं ठरवलं. संघटना उभी करणारी बाई पूर्ण पैसे घेऊन बाहेर. तिने मंडळाकडे तक्रार केली, ती टिकली नाही. मुळात मुद्दा असा की हे लढवय्ये कायद्याच्या भाषेत कर्मचारी नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, आणि कंत्राटदाराला युनियनचं संरक्षण नाही. शेवटी थोडा न्याय आला तो मक्तेदारीविरोधी कायद्यातून. २०१४ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये साडेसदतीस कोटी डॉलर्सची तडजोड मंजूर झाली. पण भरपाई झाली ती जुन्या पिढीची. उद्याच्या करारात वाटा किती, हे ठरवणारी संघटना अजूनही नाही.

मग मल्लाने कुठे बघावं? मला वाटतं, यूएफसीच्या लास व्हेगासकडे बघण्याआधी त्याने पंचवटीतल्या मार्केट यार्डात जाऊन यावं.

हमालाचं काम कसं असतं? सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर, दुपारी दुसऱ्याच्या ट्रकवर. मालक एक नाही, नोकरी नाही, हजेरीपट नाही. 'तू माझा कामगार नाहीस' असं प्रत्येक व्यापारी म्हणू शकतो, आणि एकेकटा व्यापारी घेतला तर ते खोटंही नसतं. जत्रा कमिटी आणि पैलवान यांचं नातं हुबेहूब असंच आहे, एका दिवसाचं. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांत माथाड्यांना संघटित केलं आणि त्या लढ्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला.

त्या कायद्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. मालक कोण, या वादात तो अडकतच नाही. एक मंडळ असतं, त्यात कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. हमालाने मंडळाकडे नोंद करायची, व्यापाऱ्यानेही करायची. दर वाटाघाटीने ठरतात. व्यापारी मजुरी हमालाच्या हातात देत नाही, मंडळाकडे भरतो, आणि मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही वर भरतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. कामगार दहा ठिकाणी राबला तरी त्याचं खातं एकच. नाशिकमध्ये हे मंडळ आहे, आणि ते कागदावरचं नाही याचा पुरावा तिथली भांडणंच देतात. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाई-वाराईची कपात आणि लेव्ही यांच्या वादावरून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांतले कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद होते. शेतकऱ्याचे त्यात हाल झाले, ते विसरता येत नाही. पण हमालाच्या हक्कावरून सगळा बाजार थांबतो, एवढी ताकद त्याला कुठून आली? एकेकट्या हमालाने ट्रकवाल्याशी भांडून ती आली नव्हती. राजस्थानने २०२३ मध्ये ॲपवर काम करणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांसाठी कायदा केला, त्यातही प्रत्येक व्यवहारावर कल्याण निधीचं शुल्क आहे. विचार आपलाच, माथाडीचा.

मल्लांसाठी असं मंडळ म्हणजे काय, ते एका कुस्तीवर मांडून बघू. समजा एका गावाने एक लाखाची एक नंबरची कुस्ती नेमली. दंगलीच्या आठ दिवस आधी कमिटीने एक लाख आणि वर समजा दहा टक्के, असे एक लाख दहा हजार मंडळाच्या खात्यात भरायचे. एक लाखातला ठरलेला भाग, समजा तीस-तीस हजार, दोघांचा, उतरल्याबद्दल. उरलेले चाळीस निकालावर. वरचे दहा हजार विम्यात आणि शस्त्रक्रियेच्या निधीत. जोड, रक्कम, वेळ एका छापील कागदावर, त्यावर कमिटीची आणि दोघांची सही. अंधार पडला म्हणून कुणाचा आकडा कमी होणार नाही, आणि गुडघा गेला तर गावात झोळी फिरवावी लागणार नाही. हजार-पाचशेच्या कुस्त्या यातून वगळाव्यात. त्या गावाच्या आनंदाच्या आहेत, त्यांच्यावर कागदांचं ओझं टाकलं तर दंगलीच बंद पडतील ही भीती खरी आहे. पण ज्या कुस्तीच्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो पैलवानापेक्षा मोठा असतो, तिथे दहा टक्के जड जाणार नाहीत.

अडचणी आहेत. माथाडी कायद्याच्या अनुसूचीत पैलवानकी नाही, तेव्हा कायद्यात बदल किंवा नवा कायदा लागेल. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा महासंघांमध्ये खेळाडूंच्या समित्या सक्तीच्या करतो, ते चांगलंच. पण तो मॅटवरच्या अधिकृत स्पर्धांच्या महासंघांसाठी आहे, जत्रेतली माती त्याच्या हद्दीबाहेर राहते. सगळ्यात अवघड अडचण तालमीतली आहे. मल्लाला मान हवा असतो: फेटा, नारळ, माइकवरून घेतलेलं नाव. पैशाची गोष्ट काढणं त्याला कमीपणाचं वाटतं, आणि वस्तादांची आपसांतली चुरस पिढ्यान् पिढ्यांची. मुंबईच्या सिनेमातल्या स्टंट करणाऱ्यांचं उदाहरण इथे सांगावंसं वाटतं. पडणं, मार खाणं, काचेतून उडी मारणं हेच त्यांचं काम, आणि त्यातले बरेचसे आखाड्यातूनच गेलेले. त्यांची संघटना आहे. त्यामुळे कुणाचा मान कमी झालेला नाही.

संघटना नोंदवायला फार माणसं लागत नाहीत. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात अर्जावर सात सह्या पुरत, त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही सातच आहेत. सभासदांची किमान संख्या आणि 'कामगार' कोण ही वादाची कलमं त्यानंतर येतात, आणि तोवर साधी संस्था म्हणूनही नोंदणी करता येते. नाशिक, भगूर, सिन्नर, निफाड, येवला इथल्या तालमींतून प्रत्येकी एक मल्ल आला तरी सुरुवात होते. दिवाळीनंतर जत्रा कमिट्यांच्या बैठका सुरू होतात, तेव्हाच त्यांच्यापुढे हा कागद ठेवायला हवा. पगार, पेन्शन, टक्केवारी हे पुढचं. पहिल्या हंगामात मागणी एकच असावी: नेमलेल्या कुस्तीची रक्कम आखाडा उकरायच्या आधी जमा झालेली हवी, आणि जो हरेल त्याचा वाटाही त्यात लिहिलेला हवा.